तेमिरकुल बोलला ती दुपार

या गोष्टीवर कोणाचाही विश्वास बसणार नाही. काराकोल गावात तर नाहीच नाही. तिथले निम्मे लोक त्या दुपारी रेडिओला कान लावून बसले होते, उरलेले निम्मे आपणही बसलो होतो असं शपथेवर सांगतात, आणि दोघांचं सांगणं काही केल्या जुळत नाही. तरीही ज्याचा विश्वास बसेल त्याने खुशाल ठेवावा. मात्र अशा माणसाने रविवारच्या जनावरांच्या बाजारात एकट्याने जाऊ नये. कोणीही त्याला तीन पायांचं घोडं विकेल आणि चौथा पाय घरी पोचवतो म्हणून सांगेल.

तर त्या शुक्रवारी सकाळी रेडिओ केंद्राचे प्रमुख तुर्सुनाली कादिरोविच यांनी बेगायिमला खोलीत बोलावलं. बेगायिम सत्तावीस वर्षांची, रोज बारा ते एक ‘दुपारच्या गप्पा’ नावाचा कार्यक्रम करायची, आणि तो कार्यक्रम तिचा जीव की प्राण होता. प्रमुखसाहेब वाईट बातमी नेहमी खाता खाता सांगत. त्यांच्या तोंडात तळलेल्या पिठाचा गोळा बघूनच ती काय ते समजली.

“बेगायिम, सात आठवडे झाले. ऐकणाऱ्यांचा एक फोन नाही.”

“आला की, परवाच.”

“तो माणूस नळ दुरुस्त करणाऱ्याला शोधत होता.”

“पण बोलला तर ना!”

“आणि त्याआधीचे तीन?”

“ते श्रोते होते, साहेब.”

“ती तुझी आई होती. तिन्ही वेळा. एकदा तर तिने पुरुषाचा आवाज काढला आणि मध्येच तुला विचारलं, जेवलीस का म्हणून.”

तुर्सुनाली कादिरोविच यांनी दुसरा गोळा तोंडात टाकला. “आज एक वाजायच्या आत एका खऱ्या श्रोत्याचा फोन आला तर कार्यक्रम राहील. नाही आला तर सोमवारपासून त्या वेळेला बटाट्याचे भाव.”

“बटाट्याचे भाव? तासभर?”

“हळू वाचायचे.”

आता त्या दिवशी पाहुणा कोण होता? तेमिरकुल. हे नाव ऐकून एखादी म्हणाली असती, वा, नशीब उघडलं! डोंगरातल्या खेड्यातून आलेला, कंबरेपर्यंत केस असलेला, इलेक्ट्रिक गिटार अशी वाजवणारा की राजधानी बिश्केकच्या पोरांनी त्याचं नाव ‘वीसबोट्या’ ठेवलेलं. सीमेपलीकडच्या अल्माटीच्या मैदानात त्याने रॉक वाजवलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या लोकांच्या भुवया जळाल्या, असं सांगतात. पण बेगायिमने नाव ऐकून कपाळावर हात मारला, कारण तेमिरकुल बोलत नसे. राजधानीतल्या एका पत्रकाराने त्याची तासभर मुलाखत घेतली होती आणि सगळी उत्तरं बसच्या तिकिटामागे लिहून वर थोडी जागा उरली होती.

तेमिरकुल बाराला दहा कमी असताना आला. एका खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली गिटार, दुसऱ्या खांद्यावर वासराएवढा स्पीकर. काचेमागे ध्वनियंत्रावर दाऊर बसला होता, समोर त्याच्या नेहमीच्या आंबट-तिखट गार शेवयांचा वाडगा. त्याने अंगठा वर केला. लाल दिवा लागला.

“नमस्कार श्रोतेहो. आज आपल्याकडे तेमिरकुल बाइके, आपल्या सगळ्यांचे थोरले दादा, आले आहेत. बाइके, तुम्ही इतकं जलद कसं वाजवता?”

“हळू येत नाही.”

बेगायिम थांबली. पुढे काहीतरी येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

“बरं. नवीन धून तुम्हाला कशी सुचते?”

“सुचते.”

“म्हणजे कधी?”

“आधी.”

“कशाच्या आधी?”

“नंतरच्या.”

काचेमागे दाऊरच्या नाकातून शेवई बाहेर आली. बेगायिमने घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून चार मिनिटं. तिने आदल्या रात्री जागून लिहिलेले बत्तीस प्रश्न पुढच्या पाच मिनिटांत संपले आणि शेवटच्या एकोणीस प्रश्नांना मिळून उत्तर आलं ते ‘हं’. फोन आपला काळ्या मांजरासारखा टेबलावर गप्प बसून होता.

“मग वाजवाच,” ती हरल्या आवाजात म्हणाली. “तुमची ती ‘आंधळी घोडी’ वाजवा.”

तेमिरकुलने घोंगडी सोडली, गिटार मांडीवर घेतली. आणि इथे एक अडचण आली. त्या मुलखात धून कोरडी वाजवत नाहीत. आधी तिची गोष्ट सांगायची, ती का झाली, कोणावर झाली, आणि मग वाजवायची. गोष्टीविना धून म्हणजे पाव न ठेवता पुढे केलेला चहा. घरचा माणूस आजारी आहे की काय, असं लोक विचारतात. आणि तेमिरकुल तर तोंड उघडत नव्हता. तेव्हा बेगायिमने केलं ते असं, की तिने स्वतःच गोष्ट ठोकून दिली.

“श्रोतेहो, तेमिरकुल बाइकेंची एक लाडकी घोडी होती. म्हातारपणी ती आंधळी झाली. तबेल्यात उभी राहून ती बिचारी रडायची, आणि तिचे ते अश्रू पाहून…”

गिटारवरचा हात थांबला.

“कोण रडायचं?”

“घोडी.”

“माझी घोडी?” तेमिरकुलची मान केसांतून बाहेर आली. “अगं ए बाई, ती घोडी आयुष्यात रडली नाही! माझ्या बापाला रडवायची ती. आणि म्हातारपणी कसली? जन्मापासून आंधळी होती. कोणी सांगितलं तुला हे?”

“गावात… असं बोलतात.”

“गावात बोलणाऱ्यांना घोड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे आधी दाखव. हे बघ, खरं काय ते मी सांगतो.”

दाऊरने शेवयांचा वाडगा खाली ठेवला. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.

“मी चौदा वर्षांचा होतो,” तेमिरकुल म्हणाला. “शर्यत होती, पंचवीस किलोमीटर, डोंगराच्या कडेकडेने. सगळ्यांच्या घोड्यांना डोळे होते, माझ्या घोडीला कान. मग मी काय केलं? लगाम दातांत धरला आणि हातात आपलं कोमुझ घेतलं, तीन तारांचं. खालचा सूर वाजवला की तिने डावीकडे वळायचं, वरचा वाजवला की उजवीकडे. रस्ता वाजवत न्यायचा. आता घोडी पळायला लागली. जितकी जोरात पळेल तितकी वळणं लवकर येणार, जितकी वळणं लवकर तितके सूर लवकर. तू मघाशी विचारलंस ना, जलद कसं वाजवता? हळू वाजवलं असतं तर दरीत गेलो असतो!”

“आणि मग पहिले आलात?”

“थांब, मध्येच तोडू नकोस, वाईट सवय आहे. नदीपाशी आलो. पुलाच्या आधी वळण होतं. आणि तिथे माझं बोट घसरलं. असा सूर निघाला की डावाही नाही, उजवाही नाही. घोडीने तो जन्मात ऐकला नव्हता. तिने क्षणभर विचार केला, आणि ती वर गेली.”

“वर म्हणजे? पुलावर?”

“पुलावर नाही. पुलाच्या वर. बगळा जातो तशी.”

बेगायिमने हनुवटी धरून ठेवली, नाहीतर ती टेबलावर पडली असती. “मग खाली कसे आलात?”

“तेच तर सांगतोय. तूच काय, कोणीही माणूस असता तर घाबरून बरोबर सूर वाजवला असता. डावा नाहीतर उजवा. आणि तिथे वर, हवेत, घोडी वळली असती आणि मी आजही वळत असतो. मी काय केलं, तोच चुकलेला सूर परत वाजवला. ठासून. तेव्हा ती अलगद खाली आली, पैलतीरावर. त्या दिवशी मला कळलं. चूक एकदा केली तर पडतो माणूस. तीच दुसऱ्यांदा मुद्दाम केली तर उतरतो. माझ्या ज्या काही धुनी आहेत ना, त्या सगळ्या दोनदा केलेल्या चुका आहेत. ऐक.”

आणि त्याने ‘आंधळी घोडी’ वाजवली. खोलीतल्या काचा थरथरल्या. भिंतीवरचं राष्ट्राध्यक्षांचं चित्र तिरकं झालं. मधोमध एक सूर असा आला की बेगायिमचे दोन्ही पाय आपोआप जमिनीवरून उचलले गेले, आणि तोच सूर परत आला तेव्हा ते खाली टेकले. हे तिने नंतर कोणाला सांगितलं नाही. फक्त आईला सांगितलं, म्हणजे गावाला सांगितलं.

आता बेगायिम काही मूर्ख नव्हती. कुलूप कुठे आहे हे तिला कळलं होतं. या माणसाला प्रश्न विचारून उपयोग नाही. याला चुकीची गोष्ट सांगायची.

“श्रोतेहो,” ती गोड आवाजात म्हणाली, “तेमिरकुल बाइकेंना कोमुझ नीट जमलं नाही, म्हणून ते गिटारकडे वळले.”

“काय?” तेमिरकुल खुर्चीतून अर्धा उठला. “जमलं नाही? मला? अगं, कोमुझच्या दांडीला पडदे नसतात, सपाट लाकूड. बोट वाटेल तिथून वाटेल तिथे घसरत न्यायचं. गिटारला पडदे. कोमुझ म्हणजे घसरगुंडी आणि गिटार म्हणजे जिना. आता घसरगुंडीवर वाढलेल्या माणसाला जिन्यावर सोडलं तर तो काय करेल?”

“पायऱ्या चढेल.”

“कठड्यावरून घसरेल! म्हणून मी तार ओढतो. दोन पायऱ्यांच्या मधली जी जागा असते ना, जिला कोणी नाव ठेवलेलं नाही, तिथे मला जायचं असतं. अल्माटीला एकदा तार अशी ओढली, अशी ओढली, की ती तिसऱ्या रांगेपर्यंत गेली. तिथे एका माणसाचा कोट ओला होता, त्याने तो तिच्यावर वाळत घातला. मला सूर सोडता येईना. सोडला तर कोट उडणार. कोट वाळेपर्यंत तोच सूर धरून उभा राहिलो, एकवीस मिनिटं. लोक म्हणाले, काय ही साधना! कसली साधना? कोट लोकरीचा होता.”

दाऊर काचेमागे टेबलावर डोकं ठेवून हसत होता. बेगायिमला स्वतःला आवरणं कठीण झालं होतं. तिला आतून गुदगुल्या होत होत्या, खुर्चीत बसल्या बसल्या नाचावंसं वाटत होतं. सात आठवड्यांत तिचा कार्यक्रम पहिल्यांदा जिवंत झाला होता. आणि फोन? फोन ढिम्म.

“बरं, आणि ते गिटार डोक्यामागे धरून वाजवणं? ते तर निव्वळ लोकांना दाखवायला असतं. अमेरिकेतल्या कोणाचं तरी बघून उचललेलं.”

“अमेरिका!” तेमिरकुलने छातीवर हात ठेवला, जणू कोणी त्याला टाचणी टोचली होती. “अमेरिकेत गिटारही नव्हती तेव्हा माझा पणजोबा कोमुझ खांद्यावर ठेवून वाजवायचा, उलटं धरून वाजवायचा, दोन गुडघ्यांत उभं करून वाजवायचा. दाखवायला? अगं, वाद्य समोर धरलं की डोळे लुडबुड करतात. बोटांना शिकवायला जातात. इकडे जा, तिकडे नको, तिथे काल चुकला होतास. डोळा म्हणजे सासू. म्हणून वाद्य डोक्यामागे न्यायचं. सासू पुढच्या खोलीत राहिली की सून कशी मोकळी होते! मला कुठलीच धून सुचत नाही. बोटांना सुचते, ती मला नंतर कळवतात. एकदा मी न्हाव्याकडे डोळे मिटून बसलो होतो, तर बोटांनी खुर्चीच्या दांडीवर अख्खी धून रचली. शेवट जमेना म्हणून मला तीनदा दाढी करावी लागली. तिसऱ्या वेळी न्हावी म्हणाला, आता खाली फक्त हाड आहे.”

“खरंच मनात काही नसतं तेव्हा?”

“एक गोष्ट असते,” तो म्हणाला. “भीती. आता हे संपलं तर पुढे काय, अशी. ती असली की बरं असतं. ज्या दिवशी ती नसते त्या दिवशी मी कालचंच वाजवतो, फक्त जास्त मोठ्याने.”

ही गोष्ट त्याने सरळ सांगितली, केस मागे सारून, आणि मग स्वतःच ओशाळून त्याने न्हाव्याची धून वाजवायला घेतली.

तो वाजवत असताना बेगायिमने खिडकीतून खाली पाहिलं. समोर मिनीबसचा थांबा होता. पाच मिनीबसा गच्च भरून उभ्या होत्या आणि एकही निघत नव्हती. ड्रायव्हर रेडिओकडे कान करून बसलेले. सूर्यफुलाच्या बिया विकणारी बाई माप हवेत धरून तशीच. वाहतूक पोलीस एका गाडीच्या खिडकीत अर्धा आत. सगळं गाव ऐकत होतं! मग एकालाही फोन का करवत नव्हता?

आणि तिला कळलं. बारा वाजून छत्तीस मिनिटांनी तिला हे कळलं. गोष्ट चालू असताना मध्ये बोलायचं नाही. हे तिथल्या पोरांना चालायच्या आधी शिकवतात. जो मध्ये तोंड घालतो त्याच्या हातावर आजी लाकडी डाव मारते. गोष्ट, मग धून, मग लगेच पुढची गोष्ट. तेमिरकुल जोवर इतकं झकास बोलतोय तोवर काराकोलमधला एकही सभ्य माणूस फोनला हात लावणार नव्हता. तो गप्प होता तेव्हा फोन येण्यासारखं काही नव्हतं, आणि आता यायला फट नव्हती.

काचेमागे तुर्सुनाली कादिरोविच येऊन उभे राहिले. एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात बटाट्याच्या भावांचा कागद. तालावर त्यांचा पाय हलत होता, पण चेहरा हलत नव्हता.

बेगायिमने वहीचं पान फाडलं आणि घाईघाईने लिहिलं: ‘बाइके, एकच्या आत एक तरी फोन आला नाही तर माझा कार्यक्रम बंद. न राहवून कोणीतरी फोन करेल असं काहीतरी बोला. लोकांना चीड यायला हवी.’ आणि ते त्याच्यापुढे सरकवलं.

धून संपली. तेमिरकुलने कागद उचलला, ओठ हलवत वाचला आणि माईकसमोर मोठ्याने विचारलं, “चीड यायला हवी?”

बेगायिमला जोरात खोकला आला. “म्हणजे… रॉकमध्ये चीड महत्त्वाची असते का, असं मी विचारलं.”

“फार,” तेमिरकुल म्हणाला. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि घोड्यावर बसणाऱ्याने बूड सावरावं तसं खुर्चीत बूड सावरलं. “आता हेच बघ. शेजारच्या नारिनच्या लोकांना ताल नसतो. तिथे एकदा मी वाजवायला गेलो तर टाळ्या दुसऱ्या दिवशी पडल्या.”

बेगायिमने फोनकडे पाहिलं. काही नाही.

“आणि आपल्या काराकोलची सफरचंदं. त्यांना एवढी काय चव आहे? मी एकदा त्यांना गिटार ऐकवली तर ती कच्चीच गळून पडली. अल्माटीच्या सफरचंदांनी मात्र पुन्हा वाजवा म्हणून सांगितलं.”

खाली बिया विकणारी बाई मटकन बसली. फोन गप्प.

“आणि हे आपलं सरोवर,” तेमिरकुलचा आवाज आता चढला होता, डोळे चमकत होते, “ते आपलं नाहीच मुळी! डोंगरापलीकडे कझाक लोकांकडे होतं. मी तिकडे एक तार जरा जास्त ओढली, सोडली, आणि सरोवर घसरत इकडे आलं. मासे अजून कझाक बोलतात. कोळ्यांना विचारा.”

पहिल्या मिनीबसचा ड्रायव्हर उतरला. त्याने टोपी रस्त्यावर आपटली, रेडिओ केंद्राच्या खिडकीकडे मूठ उगारली, तोंड उघडलं. बेगायिमने फोनवर हात ठेवला. आणि तो ड्रायव्हर टोपी उचलून परत गाडीत जाऊन बसला. पुढे काय झालं ते ऐकायचं राहिलं असतं ना!

एकला सात मिनिटं कमी. तुर्सुनाली कादिरोविच यांनी बटाट्याचा कागद काचेला टेकवला, आकडे तिच्याकडे करून. बेगायिमने हात जोडले. नेमके कोणाला हे तिलाही ठाऊक नव्हतं. तेमिरकुलला, फोनला, बटाट्यांना, जो ऐकेल त्याला.

तेमिरकुलने गिटारच्या खुंट्या पिळल्या. बराच वेळ पिळल्या. मग तो हळू आवाजात म्हणाला, “आता शेवटची धून. ही माझी नाही. माझ्या उस्तादांची. मुकाश उस्ताद. देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.”

बेगायिमच्या हातातलं पेन पडलं. कारण मुकाश उस्ताद तिने गेल्या रविवारी जनावरांच्या बाजारात पाहिले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो म्हातारा एका मेंढ्यावरून इतका वेळ घासाघीस करत होता की मेंढा उभ्या उभ्या वाळला. ती तोंड उघडणार होती. तिने ते मिटलं. तेमिरकुलने कोमुझ सोडून वीज लावलेलं वाद्य धरलं तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, म्हाताऱ्याने त्याचं नाव काढलं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. तेमिरकुलच्या कपाळावर घाम आला होता.

“कसे गेले ते सांगतो,” तो म्हणाला. “तलासचा एक वादक सामना लावायला आला होता. जाडा, बिनमानेचा, स्वतःला फार समजणारा. एका मेजवानीत दोघं समोरासमोर बसले. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, अडला तो हरला. तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी उस्तादांची एक तार तुटली. ते दोन तारांवर वाजवत राहिले. दुसऱ्या दिवशी दुसरी तुटली. एका तारेवर वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी तीही तुटली.”

“मग?” बेगायिमने विचारलं. खोटं आहे हे ठाऊक असूनही ती टेबलावर पुढे झुकली होती.

“मग काय? वाजवत राहिले. नुसत्या लाकडावर हात. आणि लोकांना ऐकू येत राहिलं.”

“तारेशिवाय काय ऐकू येणार, बाइके?”

“तेच. धुनीतून तारेचा आवाज काढून टाकल्यावर जे उरतं ते. मी आयुष्यभर तेच शोधतोय, एवढी वीज जाळून.” त्याने तारांवर तळवा ठेवला. “शेवटी तलासवाला उठला, म्हणाला, उस्ताद, हरलो. उस्तादांनी मान वर केली नाही. हलवून बघतात तर ते मघाशीच गेलेले. हात तेवढा वाजवत होता. शुक्रवार उजाडला तरी तो हात थांबेना. आता पुरायचं कसं? सगळ्यांनी मिळून ठरवलं, पुरा, पण हात बाहेर ठेवा. ठेवला. मी रोज सकाळी थडग्यापाशी जाऊन बसायचो. तो हात बघून बघून ही धून शिकलो. मी चुकलो की तो हात मला टपली मारायचा, जिवंतपणी मारायचा तशीच.”

आणि त्याने पहिला सूर छेडायला बोट उचललं.

तेवढ्यात फोन वाजला.

दाऊर दचकून उठला आणि शेवयांचा सगळा वाडगा त्याच्या मांडीवर सांडला. तुर्सुनाली कादिरोविच यांनी घड्याळ पाहिलं. एकला दोन मिनिटं कमी. बेगायिमने फोन दोन्ही हातांनी उचलला, जणू ते नवजात बाळ होतं. “‘दुपारच्या गप्पा’… तुम्ही… तुम्ही सगळ्यांना ऐकू येताय, बोला!”

आधी पुष्कळ लोकांचा गलका ऐकू आला, एक कुत्रं भुंकलं, कोणीतरी म्हणालं, “या बाजूने बोला, ती बाजू कानाला,” आणि मग एक म्हातारा, खरखरीत, रागाने फुललेला आवाज आला.

“तेमिरकुल!”

अकरा वर्षांनी त्या तोंडून आपलं नाव ऐकून तेमिरकुल उभा राहिला. गिटारची वायर स्पीकरमधून उपटून आली. “उस्ताद…”

काचेपलीकडून दाऊरने तोंडाशी हात धरून विचारलं, “साहेब, मेलेला श्रोता मोजणीत धरायचा का?”

“धर!” तुर्सुनाली कादिरोविच ओरडले. “धर, धर!”

“मी रेडिओ ऐकत नाही,” म्हातारा म्हणाला. “पोस्टात आलो होतो, ही पोस्टातली बाई लावून ठेवते, ते कानावर पडलं. सगळं गाव इथे उभं आहे. तेव्हा नीट ऐक.”

“सलाम, उस्ताद.”

“सलाम राहू दे. मेलो म्हणालास, ते मी ऐकून घेतलं. चौऱ्याऐंशी झाली, कधीतरी कोणीतरी म्हणणारच. तलासच्या त्या ढोल्याला तीन दिवस लागले म्हणालास, तेही सोडून दिलं, जरी तो दीड दिवसात जोडे विसरून पळाला होता. हात बाहेर ठेवून पुरलं म्हणालास. ते मला आवडलं. पुढे तसंच करा. पण तार?” आवाज चिरकला. “माझी तार तुटली? माझी? अरे गाढवा, मेंढीचं आतडं मी स्वतः धुतो, स्वतः पिळतो, स्वतः सावलीत वाळवतो! सत्तर वर्षांत माझी एक तार तुटली नाही, आणि तू रेडिओवर तीन तोडतोस? खोटं! सगळ्या गावासमोर सांगतो, साफ खोटं बोलतोय हा!”